दिवा घ्यायचा तर उजेड बघून

हंगाम चालू असला की शिरूर-चौफुला रस्त्यानं न्हावऱ्याकडं येताना कारखान्याचा उजेड लांबूनच नजरेत भरतो. सभासद आम्हांस विचारतात, "बगॅस आपलं, वीज आपली, मग दिव्यांत काटकसर कशाला?"

प्रश्न रास्त आहे. मिलच्या मोटारींपुढं दिव्यांचा भार किरकोळच. परंतु जिथं सहवीजनिर्मिती आहे तिथं वाचलेलं युनिट विकता येतं, आणि तो पैसा सभासदांचा असतो. २५० वॅटचा जुना पाऱ्याचा दिवा चोकसह सुमारे २७० वॅट ओढतो. त्या जागी १०० वॅटचा चांगला एलईडी पुरतो. रात्रीचे १२ तास आणि १५० दिवसांचं गाळप धरलं, तर एका दिव्यामागं ३०६ युनिटं वाचतात. शंभर दिव्यांचा हिशेब सभासदांनी स्वतःच करावा.

तरीपण नुसते वॅट बघून खरेदी करू नये. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, तो आकडा आधी विचारावा. शिवाय दिव्याखाली काम कोणतं, हे बघावं. पॅनमन काचेवर रस घेऊन दाणा पारखतो. सोडियमच्या पिवळ्या उजेडात पांढरी साखरसुद्धा पिवळीच दिसते, मग पारख कशी व्हायची? तिथं खरा रंग दाखवणारा दिवाच पाहिजे.

मिल हाऊसची गोष्ट तर जिवाची. वीज क्षणभर गेली तरी पाऱ्याचे आणि सोडियमचे दिवे गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत. काही मिनिटं अंधारात जातात. एलईडी तत्काळ लागतो. मात्र हलका माल घेतला तर तो डोळ्यांना न कळेल असा लुकलुकतो, आणि फिरता शाफ्ट थांबल्यागत दिसतो. कामगारानं हात घातला म्हंजे? इथं दोन पैसे वाचवणं आम्हांस मुळीच मान्य नाही.

बॉयलरजवळ उष्णतेनं एलईडीचा ड्रायव्हर आधी जातो, म्हणून तो लांब, गार जागी बसवावा. बगॅसची भुकटी काचेवर बसली की निम्मा उजेड तिथंच अडतो. फडकं मारायला काही खर्च नाही. दिवसा छतातले पारदर्शक पत्रे धुतले तरी पुष्कळ काम भागतं.

ऊस यार्डातले सोडियम दिवे चालतात तोवर चालू द्यावेत. गाड्या लावायला पिवळा उजेड पुरतो, आणि विजेच्या मानानं ते उजेडही बरा देतात. पहिला पैसा मिल आणि पॅनवर घालावा.