हात विसरत नाही, डोकं विसरतं

अमेरिकेत स्थिरावलेल्या काही मराठी माणसांनी तरुणपणी हौसेने छोटं विमान चालवायचं लायसन्स काढलं. मग घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळा सुरू झाल्या आणि लॉगबुक कपाटात गेलं. माझं २००८ साली गेलं. २०२३ मध्ये ते बाहेर काढलं तेव्हा एक मित्र म्हणाला, लायसन्स केव्हाच बाद झालं असेल, श्रीगणेशापासून शिकावं लागेल. दुसरा म्हणाला, विमान म्हणजे सायकलच, एकदा आलं की जन्मभर येतं. दोघांचंही चुकलं होतं, आणि दुसऱ्याची चूक जास्त धोक्याची होती.

आधी लायसन्सचं बघू. अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा, म्हणजे एफएए, खासगी वैमानिकाला जे प्रमाणपत्र देते त्याला मुदत नसते. लेखी किंवा प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, सुरुवातीचे किमान ४० तासही पुन्हा भरायचे नसतात. जुनं कागदी प्रमाणपत्र मात्र ३१ मार्च २०१० नंतर चालत नाही, प्लॅस्टिकचं मागवून घ्यावं लागतं. प्रमाणपत्र राहतं, पण ते वापरायचा हक्क थांबतो. तो चालू राहायला मागच्या २४ महिन्यांत शिक्षकाबरोबर 'फ्लाइट रिव्ह्यू' झालेला असावा लागतो: किमान एक तास जमिनीवर चर्चा आणि किमान एक तास उड्डाण.

या रिव्ह्यूला लोक परीक्षेसारखे घाबरतात. त्यात नापास हा शेराच नाही. शिक्षकाचं समाधान झालं की तो लॉगबुकात तशी नोंद करतो. नाही झालं तर ते उड्डाण शिकवणीचं म्हणून लिहिलं जातं आणि आपण पुढच्या आठवड्यात पुन्हा जातो. दोन तासांत उरकलंच पाहिजे असा हट्ट धरणारे स्वतःवर अन्याय करतात. मला पाच उड्डाणं लागली, आणि त्यातलं एकही वाया गेलं असं मला वाटत नाही.

आता सायकलची गोष्ट. वैमानिकांच्या कौशल्यांच्या अभ्यासांत असं दिसतं की विमान हाताळायचं कसब बऱ्यापैकी टिकतं, पण कामांचा क्रम, रेडिओवरचं बोलणं आणि निर्णयाचा वेग लवकर उतरतो. मला हे पहिल्याच दिवशी कळलं. तिसरं लँडिंग चक्क बरं झालं. पण त्याआधी धावपट्टीला समांतर उडताना टॉवरला उत्तर देण्याच्या नादात उंची दोनशे फूट ढळली आणि लँडिंगपूर्वीची चेकलिस्ट राहूनच गेली. लँडिंग बरं झालं म्हणून आपण तयार आहोत असं वाटतं, आणि फसगत होते ती तिथेच.

जुनी सवयही दगा देते. मी कार्ब्युरेटरच्या सेसना १७२ वर शिकलो होतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा इतकी गार होते की दमट हवेत २० अंश सेल्सिअसलाही आत बर्फ धरतो. म्हणून थ्रॉटल कमी करण्याआधी गरम हवेचा नॉब ओढायचा, हे अंगात भिनलेलं. १९९६ पासूनच्या १७२ मध्ये फ्युएल इंजेक्शन आहे, तो नॉबच नाही. माझा हात रिकाम्या जागी गेला. उलटं घडलं तर जास्त वाईट: नव्या विमानाची सवय झालेला माणूस जुन्यात बसतो, नॉब ओढायचा राहतो आणि इंजिन गुदमरतं.

मधल्या काळात बाहेरचं जगही हललं. 'पोझिशन अँड होल्ड'च्या जागी ३० सप्टेंबर २०१० पासून 'लाइन अप अँड वेट' आलं. १ जानेवारी २०२० पासून गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत एडीएस-बी यंत्र लागतं. ते विमानाची जागा सतत प्रसारित करतं.

मेडिकलबाबतचे, म्हणजे वैमानिकाच्या तब्येतीच्या प्रमाणपत्राबाबतचे, गैरसमज महागात पडतात. 'आता वय झालं, मेडिकल मिळणार नाही' म्हणून कित्येक जण प्रयत्नच करत नाहीत. १४ जुलै २००६ नंतर कधीही वैध मेडिकल असेल, तर मे २०१७ पासून 'बेसिकमेड'ची वाट खुली आहे. दर चार वर्षांनी कोणत्याही परवानाधारक डॉक्टरकडून ठरलेल्या यादीप्रमाणे तपासणी, दर दोन वर्षांनी ऑनलाइन अभ्यासक्रम आणि गाडीचं वैध लायसन्स एवढं पुरतं. हृदयाच्या, मेंदूच्या आणि मानसिक आजारांपैकी काहींसाठी मात्र एकदा एफएएची खास मंजुरी लागते. ज्यांचं मेडिकल १४ जुलै २००६ आधीच संपलं, त्यांना बेसिकमेडसाठी एकदा रीतसर मेडिकल काढावंच लागतं. इथे एक कळकळीची सूचना: तब्येतीची शंका असेल तर अर्ज भरण्याआधी जाणकार विमानवैद्यकाशी बोला. अर्ज नाकारला गेला तर बेसिकमेडही बंद होतं.

शेवटचा गैरसमज माझ्या घरातलाच. रिव्ह्यूची सही झाली त्या दिवशी बायको म्हणाली, "चला, आता मला न्या." प्रवाशांचा नियम वेगळा आहे: मागच्या ९० दिवसांत तशाच वर्गाच्या विमानाची तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग स्वतः केलेली हवीत. रात्री न्यायचं असेल तर तीनही वेळा रात्रीच, विमान पूर्ण थांबवून. शिक्षक शेजारी असताना केलेली धरली जातात, म्हणजे कायद्याने माझी अडचण नव्हती. तरी तिला थांबवलं. पुढच्या रविवारी सकाळी, वारा पडलेला असताना, तीन फेऱ्या एकट्याने मारल्या. चौथीला ती शेजारी बसली.