गॅमा स्फोटाचा फोटो निघत नाही

गॅमा किरण स्फोटाची बातमी आली की सोबत काळोख चिरत निघालेल्या निळ्या झोताचे चित्र हमखास असते. वाचकाला तो दुर्बिणीने टिपलेला फोटो वाटतो. प्रत्यक्षात ते चित्रकाराचे काम. गॅमा किरण साध्या भिंगा-आरशांना दाद देत नाहीत, आणि वातावरण त्यांना जमिनीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून उपग्रहावरचे यंत्र एकेक फोटॉन मोजते: कधी आला, किती ऊर्जेचा होता. ही मोजणी एकाएकी उसळली की स्फोट सापडला.

यंत्र स्फोटाच्या दिशेलाच वळलेले हवे, हा समजही तितकाच पक्का. तो आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाने खोडून काढला. त्यावरचे सीझेडटीआय हे उपकरण 6 ऑक्टोबर 2015 रोजी सुरू झाले आणि त्याच दिवशी, रोखलेल्या दिशेपासून सुमारे 60 अंश बाजूला झालेला स्फोट त्याने नोंदवला. साधारण 100 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे फोटॉन उपकरणाच्या भिंतींतून आरपार येतात, ते असे. आत कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे 64 शोधक आहेत, प्रत्येकात 256 चौकोन. काही फोटॉन एका चौकोनात धडकून शेजारच्यात उडतात. कोणत्या बाजूला जास्त उडाले, याच्या हिशेबातून किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या कंपनांची दिशा, कळते. हे मोजमाप जगात मोजक्याच उपकरणांना साधले आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने सीझेडटीआयच्या उभारणीत पुढाकार घेतला, आणि त्याची विदा पुण्याच्या आयुका या संस्थेत हाताळली जाते.

1967 साली व्हेला उपग्रहांवर दिसलेला पहिला स्फोट अमेरिकेला सोव्हिएत अणुचाचणी वाटला, ही गोष्ट फारच रंगवून सांगितली जाते. व्हेला चाचण्यांवर पाळत ठेवायलाच सोडले होते, एवढे खरे. पण त्या आलेखाचा आकार अणुस्फोटासारखा नव्हताच. पुढे वेगवेगळ्या उपग्रहांवर किरण पोचण्याच्या वेळांतील फरकावरून स्रोत म्हणून पृथ्वी आणि सूर्य दोन्ही वगळले गेले, मगच 1973 मध्ये शोध जाहीर झाला.

आणि लखलखीत म्हणजे जवळचा? छे! 2017 च्या ऑगस्टमध्ये गुरुत्वीय लहरींपाठोपाठ, 1.7 सेकंदांनी आलेला स्फोट अवघ्या 13 कोटी प्रकाशवर्षांवरचा, तरी फिकाच होता. उलट 9 ऑक्टोबर 2022 चा स्फोट सुमारे दोनशे कोटी प्रकाशवर्षांवर झाला, आणि इतके फोटॉन आले की फर्मी उपग्रहाच्या शोधकांना ते मोजता येईनात.