‘करता करता’ची लॅटिन गोष्ट

हे बोलणं कानावर पडत असताना तुमचे हात रिकामे असतील, असं मला वाटत नाही. कुणी भाजी निवडत असेल, कुणी दाढी करत असेल, कुणी दुकानाचं शटर वर करता करता आवाज मोठा केला असेल. रेडिओचं हेच तर सुख आहे. तो आपल्याला काम सोडून समोर येऊन बसायला सांगत नाही. दोन कामं एकाच वेळी करणं ही आपल्या जगण्यातली इतकी साधी गोष्ट आहे, की ती सांगताना भाषेला किती खटपट करावी लागते याकडे आपलं लक्ष जात नाही. माझं गेलं ते एका परक्या भाषेतल्या छोट्याशा शब्दामुळे. तो शब्द लॅटिन आहे, ‘दुम’.

शब्द ऐकून काहींना हसू येईल. आमच्या घरच्या दखनीत दुम म्हणजे शेपूट, आणि दम म्हणजे श्वास. या दोहोंशी लॅटिन ‘दुम’चं काही नातं नाही, नुसता कानाचा योगायोग. शाळेत आपण ‘आणि’, ‘परंतु’, ‘म्हणून’ यांना उभयान्वयी अव्यय म्हणायला शिकलो. ‘दुम’ त्याच जातीचा. दोन वाक्यांना जोडतो आणि त्यांच्या वेळा एकमेकींशी बांधतो.

मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. लॅटिन आमच्या कॉलेजात नव्हती. चाळिशीनंतर जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक व्याकरण मिळालं, त्यावर रात्री जेवणं आटोपल्यावर मी ही भाषा थोडी थोडी शिकत आलो. जिची आज बाजारात काडीची गरज नाही अशी भाषा शिकण्यात एक वेगळाच निवांतपणा असतो, तो असो. व्याकरणात ‘दुम’पाशी आलो आणि थबकलो.

मी केलेलं एक वाक्य ऐका. ‘दुम मातेर केनम परत, इन्फान्स केकिदित.’ मातेर म्हणजे आई. आपली माता, फारसीतली मादर आणि ही मातेर एकाच कुळातल्या. केनम म्हणजे रात्रीचं जेवण. परत म्हणजे तयार करते. ‘इन्फान्स केकिदित’ म्हणजे बाळ पडलं. आई जेवण बनवत असताना बाळ पडलं, इतकंच. पण काळ पाहा. बाळ पडलं, हा भूतकाळ. आणि आई? ती जेवण बनवत ‘होती’ असं लॅटिन म्हणत नाही. ‘बनवते’ म्हणते. घटना काल घडलेली असो की शंभर वर्षांपूर्वी, तिच्यामागे चाललेलं काम ‘दुम’ सहसा वर्तमानकाळातच ठेवतो. सीझरच्या गॉल युद्धाच्या वृत्तांतात ही रचना भेटते. इकडे हे असं चाललं आहे, एवढ्यात तिकडून निरोप आला, अशी. शिकणारा पहिल्यांदा म्हणतो, ही काय गडबड? मग लक्षात येतं की गडबड नाही. बाळ पडलं त्या क्षणी जेवण झालेलं नव्हतं. ते अजून चाललंच होतं. न संपलेल्या कामाला ही भाषा भूतकाळात ढकलत नाही.

मराठी माणसाला हे फार परकं वाटू नये. ‘जाताना भेटला’, ‘जाताना भेटेल’. ‘जाताना’ दोन्हीकडे तेच. ‘बोलता बोलता’, ‘हसता हसता’, ‘बघता बघता’ यांचंही तसंच. काळ मागे गेला तरी ती जागची हलत नाहीत. आपली ही दुहेरी रूपं मला फार आवडतात. त्यांत कामाची लय आहे, पुन्हा पुन्हा होणारी हाताची हालचाल आहे. कवितेत तर मी त्यांच्यावर कितीदा पोट भरलं आहे.

पण एक फरक आहे, आणि तो लहान नाही. ‘लाटता लाटता’ यात कोण लाटतंय? मी, तू, ती, त्या सगळ्या? रूप बदलत नाही. ते आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायचं. कधी ओळखताही येत नाही. ‘मी अम्माला बाजारातून येताना पाहिलं’ या वाक्यात बाजारातून येत कोण होतं, मी की अम्मा? लॅटिनमध्ये ही अडचण पडत नाही. मी येत असेन तर ‘दुम रेदेओ’, ती येत असेल तर ‘दुम रेदित’. ‘दुम’च्या मागे पुरतं क्रियापद येतं आणि त्या क्रियापदाच्या शेपटीतच करणारा बसलेला असतो. म्हणजे शेपूट आलीच शेवटी!

इथे मला माझी अम्मा आठवते. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, कात्री, दोरा. मजुरी हजारावर. तिनं विड्या वळता वळता मला पाढे म्हणून घेतले, विड्या वळता वळता चुलीवरच्या डाळीकडे लक्ष ठेवलं, शेजारणीची भांडणं मिटवली, धाकट्या बहिणीला पायांवर घेऊन निजवलं. आता मी हे जे वाक्य केलं ते पुन्हा पाहा. त्यात मुख्य क्रियापदं पाढ्यांची, डाळीची, भांडणांची. ज्या कामावर घर चाललं ते ‘वळता वळता’मध्ये कोपऱ्यात बसलं आहे. आणि वाक्य उलटं केलं, पाढे घेता घेता विड्या वळल्या असं म्हटलं, तर आईपण कोपऱ्यात जातं. दोन कामं एका वेळी झाली तरी वाक्यात एकाला पुढं बसवावं लागतं. ते कुणाला बसवायचं, हे व्याकरण सांगत नाही. बोलणारा ठरवतो.

हा नुसता कवीचा चाळा नाही. आपल्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली माणसं दिवसाचा वेळ कशी वापरतात याची देशभर पाहणी केली. दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यात काय केलं ते विचारलं. एका तुकड्यात एकाहून जास्त कामं झाली असतील तर त्यातलं मुख्य कोणतं, हेही नोंदवायचं होतं. म्हणजे अम्माच्या अर्ध्या तासात मुख्य वाक्य कुठलं आणि ‘दुम’ कुठला, हाच प्रश्न. त्या पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांचे ९७ मिनिटं त्यात जातात असं निघालं. २०२४च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ आहेत. दोघांचीही मिनिटं थोडी कमी झाली, अंतर जवळपास तेवढंच राहिलं. आणि तरीही ‘त्या काय करतात?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असतात’ हे उत्तर मी आजही ऐकतो.

‘दुम’चा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे ‘जोवर’. त्यासाठी शब्द बदलावा लागत नाही, काळाची मांडणी बदलते. दोन्ही क्रियापदं एकाच काळात ठेवली की दोन्ही कामांची लांबी सारखी होते. एक जिथून जिथवर, दुसरं तिथून तिथवर. ‘दुम वीक्सित, लबोरावित.’ जोवर जगली, तोवर राबली. यात कोपरा कुणालाच नाही. ‘वीक्सित’, म्हणजे जगला किंवा जगली, हा शब्द रोमन थडग्यांवर फार आढळतो. पुढे वर्षं, कधी महिने आणि दिवसही मोजून लिहिलेले. बाईचं थडगं असलं तर तिनं लोकर कातली, हे कौतुकानं नोंदवण्याची पद्धत होती. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या क्लॉडिया नावाच्या बाईच्या स्मृतिलेखात घर सांभाळणं आणि लोकर कातणं या दोन्ही गोष्टी आहेत, आणि दोन्ही स्वतंत्र, पुऱ्या क्रियापदांनी सांगितलेल्या. आयुष्यभर जे काम दुसऱ्या कामांच्या आडून चाललं असेल त्याला दगडावर तरी आपलं क्रियापद मिळालं. मेल्यावर मिळालं, हेही खरंच.

या ‘दुम’पासून लहान लहान शब्दही झाले आहेत. ‘नोन्दुम’ म्हणजे अजून नाही. ‘इन्तेरदुम’ म्हणजे कधी कधी. त्यातला ‘इन्तेर’ म्हणजे मध्ये, तेव्हा आपलं ‘मधूनमधून’ त्याला अगदी चपखल बसतं.

आणि तिसरा अर्थ, ‘पर्यंत’. ‘मातेर एक्स्पेक्तात दुम फिलियुस रेदेआत.’ मुलगा परत येईपर्यंत आई वाट पाहते. इथे येण्याचं क्रियापद साधं राहत नाही. ‘रेदित’चं ‘रेदेआत’ होतं, कारण मुलगा अजून आलेला नाही. तो यावा, अशी नुसती आस आहे. आपल्या विध्यर्थातल्या ‘यावा’च्या जवळचं हे रूप. ‘एक्स्पेक्तात’ची फोडही मजेची आहे: ‘एक्स’ म्हणजे बाहेर, आणि पुढचा भाग पाहण्याचा. वाट पाहणं लॅटिनमध्येही डोळ्यांचंच काम.

कॉलेजला असताना शेवटच्या एसटीनं मी घरी पोचायचो तेव्हा साडेदहा वाजून गेलेले असत. अम्मा जागी असायची आणि मांडीवर सूप असायचंच. मी म्हणायचो, कशाला वाट बघत बसलीस? ती मान वर न करता सांगायची, वाट कसली बघतेय, विड्या संपवतेय. तिचं हे उत्तर लॅटिनमध्ये नेऊन पाहावं असं बरेच दिवस मनात आहे. ‘दुम’ वाट पाहण्यामागे लावायचा की विड्यांमागे, तेवढं ठरत नाही.