बाभळीचा काटा

जुन्या जालन्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रात्री नऊला आमची तालीम सुरू होते. कोणी मोंढ्यातून येतं, कोणी पोलाद कारखान्यातून. नाटक तसं बसलंय, अडलंय ते एका प्रवेशापाशी. नवऱ्याच्या पायात बाभळीचा काटा मोडलाय आणि बायको तो काढते. चारच वाक्यं.

पहिल्या रात्री दोघं इतकी खेटून बसली की मागून नुसती तिची पाठ दिसली. दिग्दर्शक म्हणाले, "ताई, पाय मांडीवर घेऊ नका. अंतर ठेवा आन् पदरानं टाच पुसा." मग मोजणी सुरू झाली. तीन पावलं, बसणं, बांगडीतली पिन काढणं, "लय दुखायलंय का?" म्हणून झाल्यावरच टाचेला हात. मी शेवटच्या रांगेत होतो. पिन तिथून दिसत नव्हती. पण तिनं पिन उघडताच त्याच्या पायाची बोटं आखडली, ती स्पष्ट दिसली.

अंबड रस्त्यावर एका लघुपटाच्या चित्रीकरणात मी असाच प्रसंग पाहिला होता. नायिका डोळे भरून पाहत होती ते भिंगाशेजारच्या चिकटपट्टीकडे. नायक तेव्हा चहा घेत होता. हातांचा क्लोजअप वेगळा. तिथली जवळीक संकलनाच्या टेबलावर जुळली, आणि पडद्यावर ती खरीच वाटली. तेही कसबच आहे. 'गहराइयाँ' (२०२२) या चित्रपटासाठी तर अशा जवळिकीच्या प्रसंगांपुरत्या दार गाई या वेगळ्या दिग्दर्शिका होत्या.

आमच्या गावचं नाट्यगृह रंगमंच आणि पडदा दोन्हीकडे वावरलेल्या मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या नावाचं आहे. ते गंधर्व नाटक मंडळीत नट आणि संगीतकार होते, पुढे प्रभात फिल्म कंपनीत गेले. त्यांचं संगीत असलेल्या 'धर्मात्मा'मध्ये (१९३५) बालगंधर्व संत एकनाथ झाले. रंगमंचावर ज्यांनी साकारलेल्या भामिनी या नायिकेवर महाराष्ट्र भाळला, त्यांना इथे पुरुषाची भूमिका. भामिनी अर्धी प्रेक्षकांनी लांबून बघत घडवलेली असायची, असं मला वाटतं. कॅमेरा ते अंतर ठेवत नाही. म्हणून मला त्या शेवटच्या रांगेचं मोल वाटतं.

अकराव्या रात्री काटा निघाला, वाक्यं संपली. ताईंनी मात्र टाच लगेच सोडली नाही. हॉलमध्ये कोणी हललं नाही. दिग्दर्शकांनी संहितेच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं: काटा निघाल्यावर दोन श्वास, मग अंधार.