एलईडी लागला म्हणजे जोडणी बरोबर?

रेझिस्टर न लावता एलईडी थेट मायक्रोकंट्रोलरच्या पिनला जोडला तरी तो लागतो. तो लागलेला पाहिला की विद्यार्थ्यांना रेझिस्टर ही पुस्तकी काळजी वाटू लागते. हा गैरसमज महागात पडतो, कारण बिघाड त्या दिवशी दिसेलच असं नाही.

एलईडी स्वतः प्रवाह आवरत नाही. तांबडा एलईडी साधारण २ व्होल्टला नीट उजळतो. त्यापुढे व्होल्टेज जरासं वाढलं तरी प्रवाह झपाट्याने चढतो. आर्दुइनो उनोची पिन ५ व्होल्ट देते. मग प्रवाह अडवायला उरतो तो फक्त चिपमधल्या ट्रान्झिस्टरचा रोध, आणि त्यामुळे होणारी झीज चिपच्या माथी बसते. ‘पण पिनला ४० मिलिअँप चालतात ना?’ नाही. उनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपसाठी ४० ही इजा होण्याची सीमा आहे. वापरायचा आकडा २० किंवा त्याहून कमी. हिशोब सोपा आहे: ५ वजा २ म्हणजे ३ व्होल्ट, त्याला ३३० ओहमने भागलं की ९ मिलिअँप. उजेडाला तेवढे भरपूर होतात.

१३ नंबरच्या पिनला रेझिस्टर लागत नाही, हा समज जुन्या आर्दुइनो एनजी बोर्डावरून आला. त्या पिनवर सुमारे १ किलोओहमचा रोध बोर्डातच होता. उनोवर तसा नाही.

रेझिस्टर एलईडीच्या धन बाजूलाच हवा, असंही सांगतात. एकसरीत प्रवाह सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे कुठल्याही बाजूला लावा. पीडब्ल्यूएमने व्होल्टेज कमी होतं म्हणून रेझिस्टर नको, हेही चूक. पिन पूर्ण ५ व्होल्टच देते, फक्त सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होते. प्रत्येक ठोक्याला प्रवाह पूर्णच जातो.

‘पिनवर १ लिहिला की दिवा लागतो’ हा समज मात्र आपल्या डिप्लोमाच्या प्रयोगशाळांत नीट तपासायला हवा, कारण तिथे आजही ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर शिकवतात. इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या या घराण्यातल्या एटी८९एस५२ची पिन १ असताना जेमतेम काही मायक्रोअँप देते. तेवढ्यावर दिवा मिणमिणतो. तीच पिन ० असताना १० मिलिअँपपर्यंत प्रवाह आत ओढू शकते. म्हणून एलईडी ५ व्होल्ट आणि पिन यांच्यामध्ये, रेझिस्टरसह, जोडायचा आणि ० लिहून पेटवायचा.

एवढं केलं तरी एक खोच राहतेच. पोर्ट १, २ आणि ३ यांपैकी प्रत्येकाला, आठही पिना मिळून, फक्त १५ मिलिअँप चालतात. एकाच पोर्टवर आठ एलईडी आणि प्रत्येकाला ३३० ओहम, हा नेहमीचा प्रयोग घ्या: सगळे पेटले की हिशोबाने ७२ मिलिअँप! २.२ किलोओहम लावला तर प्रत्येकी सुमारे १.४, आठांचे मिळून ११. आजचे एलईडी एवढ्यावरही स्पष्ट दिसतात.

आठांना मिळून एकच रेझिस्टर लावू नका; प्रत्येक एलईडीचं व्होल्टेज किंचित वेगळं असतं आणि प्रवाह असमान वाटला जातो.

प्रयोगवही लिहिणाऱ्या शिक्षकांना विनंती आहे: सर्किटच्या आकृतीशेजारी एका पिनची, पोर्टची आणि संपूर्ण चिपची प्रवाहमर्यादा छापा, आणि विद्यार्थ्यांकडून रेझिस्टरची किंमत काढून घेतल्यावरच सप्लाय चालू करू द्या.