शिर्डीत खोली बुक करताय? आधी साइट नीट बघा

राहाता : शिर्डीत साईबाबा संस्थानच्या द्वारावती, साई आश्रम अशा भक्तनिवासांत साध्या आणि एसी खोल्या मिळतात. बुकिंग ऑनलाइन.साई.ऑर्ग.इन या संस्थानच्याच साइटवर करायचे. आधारकार्ड सोबत ठेवा. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसऱ्याला खोल्या लवकर भरतात आणि भामटे नेमका तेव्हाच गळ टाकतात. भक्तनिवासाच्या नावाची बनावट साइट, व्हॉट्सअ‍ॅपवर खोलीचे फोटो, मग क्यूआर कोड. लेकराबाळांसह काउंटरवर गेल्यावर कळतं, नोंदच नाही! गुगलवर सापडलेल्या नंबरवर पैसे टाकूच नका. गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. खासगी लॉजवर ‘डबल’ म्हणजे दोघांचीच खोली. जादा गादीचे पैसे आधीच विचारा.