साडेसात तोळे, मापभर तांदूळ

रत्नागिरीत आमच्या शेजारच्या खाला गेली काही वर्षं रोजा धरत नाहीत. मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. पण रमजान लागला की त्यांच्या ओट्यावर एक स्टीलचा डबा येतो आणि रोज सकाळी त्यात मापभर तांदूळ पडतात. ईदच्या आधी तो डबा एका गरजू घरी पोचतो. याला फिदया म्हणतात. ज्याला आजारपणामुळे किंवा वयामुळे यापुढे रोजे झेपणारच नाहीत, त्याने एकेका रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालायचं किंवा तेवढं धान्य द्यायचं. मागे आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्या म्हणाल्या, "त्यांच्यात रोजा मोडला तर माफी नाही म्हणे." मला ते लागलं, कारण डबा समोरच्या खिडकीत दिसत होता.

इस्लाममधल्या उपासना पाच: कलमा (श्रद्धेचा उच्चार), नमाज, रोजा, जकात आणि हज. बाहेरून त्यांची शिस्त तेवढी दिसते. त्या शिस्तीत माणसाच्या अडचणीला किती जागा ठेवली आहे, ते दिसत नाही. आजारी माणूस आणि प्रवासी यांनी सुटलेले रोजे पुढे सवडीने भरून काढावेत, हे खुद्द कुरआनात आहे. पाळीच्या दिवसांत बाईने रोजा धरायचाच नसतो; तेही रोजे नंतर भरायचे. विसरून घोटभर पाणी प्यायलं गेलं तर बहुतेक पंथांच्या मते रोजा मोडत नाही. आठवल्याबरोबर थांबायचं, एवढंच.

रमजान दरवर्षी मागे का सरकतो, हेही अनेकांना कोडं वाटतं. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्षाहून लहान. आपल्या पंचांगात अधिक मास घालून ही तूट भरली जाते, म्हणून दिवाळी शरदातच राहते. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० साली तर तो दोनदा लागेल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस.

अजानमध्ये अकबर बादशहाचं नाव घेतात, असं आजही शिकलेल्या माणसांकडून ऐकू येतं. अरबीत अकबर म्हणजे सर्वांत थोर. सातव्या शतकात मदिनेत गुलामीतून मुक्त झालेल्या हजरत बिलाल यांनी पहिली अजान दिली. बादशहा जन्मला १५४२ मध्ये. शिवाय अजान म्हणजे नमाज नव्हे, ते नमाजचं बोलावणं. दिवसभरात पाच वेळा मिळून १७ रकात (नमाजची आवर्तनं) फर्ज, म्हणजे बंधनकारक. प्रवासात चार रकातींच्या दोन होतात, उभं राहवत नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर पडल्या पडल्या खुणेने नमाज होते. पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकून वजूची (नमाजआधी हातपाय-तोंड धुण्याची) गरज भागते.

काबा हे मुसलमानांचं दैवत, हाही असाच समज. काबा ही दिशा आहे. मदिनेत आल्यावर सुरुवातीचे सोळा-सतरा महिने प्रेषितांनी जेरुसलेमकडे तोंड करून नमाज अदा केली होती. आपल्याकडून काबा पश्चिमेला, म्हणून "ते मावळतीला पूजतात" असं म्हटलं जातं; लंडनचा नमाजी आग्नेयेकडे वळतो.

जकात म्हटलं की आपल्याला जकातनाका आठवतो. शब्द तोच, अरबीच. पण मूळ अर्थ शुद्ध होणं आणि वाढणं. ही ऐच्छिक भीक नाही आणि मिळकतीवरचा करही नाही. कर्ज वजा जाता साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची शिल्लक चांद्र वर्षभर राहिली, तर तिच्यातला अडीच टक्के हिस्सा. राहतं घर, अंगावरचे कपडे, वापरातली गाडी यात धरत नाहीत. घेणारे कोण, त्याचे आठ वर्ग कुरआनात सांगितले आहेत. आईवडिलांना किंवा मुलांना जकात देता येत नाही, कारण त्यांना पोसणं हे तसंही कर्तव्यच.

सगळीकडे एकच नियम, असंही नाही. मराठवाड्यातले बहुतेक सुन्नी हनफी पंथाचे, तर कोकणातले बहुतेक शाफई पंथाचे. हनफी घरात बाईच्या दागिन्यांवरही जकात निघते. शाफई मतात तिच्या वापरातले दागिने त्यातून सुटतात. असरची (दुपारनंतरच्या नमाजची) वेळही शाफईंकडे लवकर होते, वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की. हनफी ती दुप्पट होईपर्यंत थांबतात.

हज तर ज्याला झेपेल त्याच्यावरच, आयुष्यात एकदा. मागे राहणाऱ्या घरच्यांची सोय करूनच निघायचं. बकरी ईदची कुरबानी या पाच उपासनांत नाही. आणि हजचा गाभा काब्याभोवतीच्या फेऱ्यांत आहे असं वाटत असलं, तरी तो आहे मक्केबाहेरच्या अराफातच्या मैदानात. जिल्हिज्ज या हिजरी महिन्याच्या ९ तारखेला तिथे थांबणं चुकलं, तर त्या वर्षीचा हज घडलाच नाही. म्हणून त्या दिवशी इस्पितळातल्या आजारी यात्रेकरूंना अँब्युलन्समधून तिथे आणतात. खाटेवर पडून घालवलेला तो थोडा वेळही हजसाठी पुरतो.